दोन मिलिमीटरची घट

दिवाळीनंतर वर्धा-यवतमाळकडच्या कुठल्याही जिनिंगमध्ये जा. कापसाच्या गाड्या रिकाम्या होत असतात. मशीनच्या एका अंगाने रुई निघते, दुसऱ्या अंगाने सरकी. हे सगळं काट्याच्या पावतीच्या पाठीवर पट्ट्यांच्या चित्रात काढता येतं: जितकं वजन, तितका पट्टा रुंद. एका किलोला एक मिलिमीटर धरा. क्विंटलभर कापसाचा पट्टा झाला १०० मिलिमीटर रुंद. मशीनपाशी तो फुटतो: रुईचा फाटा साधारण ३४, सरकीचा ६४. उरले दोन. काडीकचरा, उडालेली तूस, सुकलेली ओल. हिशेबात तिला घट म्हणतात.

या चित्राची अट एकच: आत आलं तेवढं बाहेर पडलं पाहिजे, नाहीतर गोदामात सापडलं पाहिजे. घट दोनाची पाच झाली की पट्टा लगेच बोलतो. मग काटा तपासा, किंवा कापूस दवात वेचला होता का ते विचारा.

सरकीचा फाटा पुढे घाणीवर नेला, तर तेलाची रेघ सात-आठ मिलिमीटरचीच निघते. बाकी बहुतेक ढेप. म्हणजे आपण कापूस म्हणून विकतो त्यातलं वजनाने निम्म्याच्या आसपास म्हशीच्या गव्हाणीत जातं!

कापसाचे असे पट्टे फार जुने आहेत. फ्रेंच अभियंता शार्ल मिनार याने युरोपात येणाऱ्या कापसाचे नकाशे काढले. १८५८च्या नकाशात अमेरिकेचा पट्टा जाडजूड. १८६४च्या नकाशात, तिथल्या यादवी युद्धामुळे, तो रोडावलेला आणि हिंदुस्थानचा फुगलेला. आपल्या वऱ्हाडाला तेजी आली ती याच काळात. पुढे १८९८ साली कॅप्टन मॅथ्यू सँकी या आयरिश अभियंत्याने वाफेच्या इंजिनातली उष्णता अशाच पट्ट्यांनी दाखवली, आणि आकृतीला नाव चिकटलं सँकीचं. मिनारवर हा अन्यायच, असं माझं मत.

उष्णतेचा पट्टा काढताना किलो विसरायचे. दोन्ही मापं एका पट्ट्यात मिसळत नाहीत. विहिरीवरचं डिझेल इंजिन घ्या. डिझेलातल्या १०० भागांपैकी ढोबळमानाने ३० दांड्याला मिळतात, तेवढेच धुरातून जातात, तेवढेच इंजिन थंड करणाऱ्या पाण्यातून. उरलेले घर्षणात आणि तापलेल्या अंगावरून. पंपाने दांड्याकडचे निम्मे वाया घालवले, तर पाणी उचलायला राहतात १५.

थंड करणाऱ्या पाण्याचा तो जाड फाटा पाहायला कागदही लागत नाही. पौषातल्या पहाटे ओलित करणारा माणूस इंजिनाच्या बारक्या नळीखाली हात धरून बसलेला असतो.