गळा दाटतो तो चिऱ्यामुळे नाही

गावचं जुनं घर पाडायचं ठरलं की फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो, की जांभ्याच्या चिऱ्यात पूर्वजांची स्पंदनं साठलेली असतात, म्हणून आजीच्या माजघरात पाऊल टाकलं की गळा दाटतो. गळा दाटतो हे अगदी खरं. पण चिऱ्यात काही साठत नाही. साठत असतं तर रत्नागिरीच्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळपठारांवरची, कातळशिल्पं आपल्याशी सगळ्यात जास्त बोलली असती. बारसू, देवाचे गोठणे, कशेळीचा तो भलामोठा हत्ती, सगळं याच जांभ्यात कोरलंय, हजारो वर्षांपूर्वी, आणि २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहे. रेषा शाबूत आहेत, पण कोरणाऱ्याला त्या सड्यावर काय वाटत होतं ते गेलं, कारण ते कातळात नव्हतंच, त्याच्या मेंदूत होतं.

मेंदूत खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. १९७१ साली जॉन ओकीफ आणि जोनाथन डोस्ट्रोव्हस्की यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी दिसल्या, ज्या उंदीर एका ठराविक जागी आला की सिग्नल द्यायला लागतात. या प्लेस सेल्स. ओकीफना २०१४ चं नोबेल मिळालं. खोली बदलली की यातल्या वेगळ्याच पेशींचा वेगळा संच जागा होतो, म्हणजे ओटीचा एक, न्हाणीचा दुसरा. शेजारीच अमिग्डला, भावनेचं काम बघणारा भाग, त्यामुळे जिथे भीती वाटली किंवा लाड झाले त्या जागेची आठवण जास्त घट्ट बसते.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग, सीए-३. हा हिप्पोकॅम्पसचाच एक पट्टा. इथल्या पेशी एकमेकींनाच भरपूर जोडलेल्या असतात. एकत्र जाग्या झालेल्या पेशींमधले दुवे पक्के होतात, आणि पुढे कधी त्यातल्या थोड्याच जाग्या झाल्या तरी त्या बाकीच्यांना ओढून जागं करतात. तुकड्यावरून अख्खी आठवण. हे दुवे पक्के व्हायला पेशींवरच्या एनएमडीए रिसेप्टर नावाच्या प्रथिनांची गरज असते. २००२ मध्ये शास्त्रज्ञ सुसुमु टोनेगावांच्या लॅबने फक्त सीए-३ मध्ये हे रिसेप्टर नसलेले उंदीर तयार केले आणि त्यांना गढूळ पाण्याखाली लपवलेला चौथरा शोधायला शिकवलं, आजूबाजूला खुणा होत्या. सगळ्या खुणा असताना ते नॉर्मल उंदरांइतकेच हुशार, पण बहुतेक खुणा काढून एकच ठेवली तर ते गडबडले, आणि नॉर्मल उंदरांनी तेवढ्या एका खुणेवर चौथरा गाठला!

माझ्या मते जागेच्या चित्रात नेमकं हेच घडतं. वॉटरकलरमध्ये नुसती मंगलोरी कौलं, खाली अंधारी पडवी, खुंटीला एक इरलं, बास. रहाटाची करकर आणि शेणाने सारवलेल्या जमिनीचा गारवा कागदावर कुठेच नसतो, तो बघणाऱ्याचा सीए-३ आणतो. म्हणून मालवणचं चित्र बघून श्रीवर्धनच्या माणसाला स्वतःचं घर आठवतं. आपल्या दशावतारात तर स्टेजवर एक बाकडं असतं, राजवाडा प्रेक्षक उभा करतात. सगळं तपशीलवार काढलेलं चित्र मला म्हणूनच कमी भिडतं, त्यात माझ्या घराला शिरायला फट राहत नाही.

वास्तूची एनर्जी क्लीन करून देतो म्हणून चाकरमान्यांकडून पैसे उकळणाऱ्यांना दारातच उभं करू नका. घरातल्या दुःखाची आठवण घरच्या माणसांच्या मेंदूत आहे, धूप फिरवून ती भिंतीतून निघणार कशी?

घर पाडावंच लागलं तर आधी अख्ख्या घराचा ड्रोन व्हिडिओ करण्यापेक्षा कोपरे टिपा. पडवीचा खांब, चुलीवरची काळी भिंत, पायरीचा झिजलेला चिरा, आणि पोराला कागद देऊन त्याला हवं ते काढू द्या. पावसात कौलांवर वाजणारं पाणी फोनवर रेकॉर्ड करा, दोन मिनिटं पुरेत.