संशोधनपर लेखनातील शब्दयोजना

प्रबंध, शोधनिबंध, पाहणी अहवाल अशा लेखनात शब्द कोणत्या अर्थाने योजले जातात आणि विद्याशाखा बदलली की तो अर्थ कसा बदलतो, हा या नोंदीचा विषय आहे. उदाहरणे मुख्यतः सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली घेतली आहेत. मराठी परिभाषेचे मोठे काम वाईत झाले हे त्याचे एक कारण. शिवाय ऊस, भूकंप, नाटक आणि स्वातंत्र्यलढा या चारही विषयांवरच्या लेखनात या भागाचे नाव सतत येते.

अशा लेखनातील शब्दांचे ढोबळ तीन थर मानतात. सर्वांत खाली रोजच्या वापरातले शब्द आणि सर्वांत वर त्या-त्या शास्त्राच्या संज्ञा. मधल्या थरात ‘विश्लेषण’, ‘निकष’, ‘संकल्पना’, ‘घटक’, ‘निष्कर्ष’ असे कोणत्याही शाखेत चालणारे शब्द येतात. इंग्रजीतल्या या मधल्या थराची मोजणी न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी केली. त्यांनी कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या शाखांतला सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर तपासला आणि २००० साली ५७० शब्दकुलांची (शब्दकुल म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची साधित रूपे) यादी प्रसिद्ध केली. अभ्यासलेल्या मजकुराचा सुमारे दहावा हिस्सा या शब्दांनी व्यापला होता. पुढे २००७ मध्ये केन हायलँड आणि पॉली त्से यांनी या यादीच्या पायालाच हात घातला. शब्द सगळीकडे तोच दिसला तरी प्रत्येक शाखेत त्याचा अर्थ, त्याचे सोबती शब्द आणि त्याची वारंवारता वेगळी असते, तेव्हा सर्वांना चालेल अशी एकच यादी कितपत खरी, असा त्यांचा प्रश्न होता. मराठीत हा प्रश्न अधिकच तीव्र आहे, कारण आपल्या बहुतेक संज्ञा जुन्या शास्त्रांतून आल्या आहेत आणि येताना मूळचा अर्थही घेऊन आल्या आहेत.

‘धातू’ हा शब्द घ्या. व्याकरणात तो क्रियापदाचे मूळ, रसायनशास्त्रात लोखंड-तांबे, आणि आयुर्वेदात रस, रक्त, मांस इत्यादी सात शरीरघटक. तिन्ही शाखांत तो पक्की संज्ञा आहे. ‘खंड’ तर याहून पसरट. ग्रंथालयात तो पुस्तकाचा भाग, भूगोलात आशिया किंवा आफ्रिका. कूळकायद्यावर लिहिणारा ‘जमीन खंडाने दिली’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ जमिनीचे भाडे. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांतल्या शेतीवर लिहिणाऱ्याला ‘खंड’ म्हटले की पावसातली उघडीप आठवते. एखाद्या आंतरविद्याशाखीय प्रबंधात हे चारही अर्थ एकत्र येऊ शकतात, आणि शब्दसूचीत मात्र ‘खंड’ एकदाच असतो.

‘साहित्य’ या शब्दाने होणारा घोटाळा रोजचा आहे. विज्ञानाच्या वहीत ‘साहित्य’ म्हणजे चंचुपात्र, परीक्षानळी, बर्नर. मराठी विभागात साहित्य म्हणजे कथा, कविता, कादंबरी. शिक्षणशास्त्राच्या प्रबंधात ‘संबंधित साहित्याचा आढावा’ असे प्रकरण असते आणि त्यात पूर्वी झालेले संशोधन येते. मराठीच्या विद्यार्थ्याने हा मथळा जसाच्या तसा उचलला तर ते प्रकरण कादंबऱ्यांचे की कादंबऱ्यांवरील समीक्षेचे, हे वाचकाला पाने उलटून पाहावे लागते. त्यापेक्षा ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ म्हणावे. मथळा एका शब्दाने वाढत नाही आणि गोंधळ टळतो. ‘सार्थ’चीही हीच गत. सज्जनगडाच्या पायथ्याशी ‘सार्थ दासबोध’ मागितला की अर्थासह ग्रंथ हाती येतो. संख्याशास्त्रात मात्र ‘०.०५ स्तरावर सार्थ फरक’ म्हणजे मुळात फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी आहे, एवढेच. तो फरक मोठा आहे, उपयोगाचा आहे किंवा त्याला काही अर्थ आहे, असे यातून मुळीच सिद्ध होत नाही. पण ‘सार्थ’ वाचले की मराठी मन अर्थाकडे धावते, आणि निष्कर्षाच्या प्रकरणात ‘ही पद्धती अत्यंत सार्थ ठरली’ असे वाक्य येऊन बसते.

शिक्षणशास्त्र आणि समाजशास्त्राच्या प्रबंधांत ठरलेल्या मथळ्यांची एक साखळी असते : उद्दिष्टे, गृहीतके, परिकल्पना, व्याप्ती, मर्यादा, परिमर्यादा. यात दोन जागी हमखास पाय घसरतो. पहिली जागा ‘गृहीतक’. जे मानून चालायचे, तपासायचे नाही, ते गृहीतक. जे मांडून मग तपासायचे ती परिकल्पना. हिलाच काही जण ‘गृहीतकृत्य’ म्हणतात. शेवटची अक्षरे गळली की गृहीतकृत्याचे गृहीतक होते आणि जे तपासायचे तेच आधी मान्य केल्यासारखे होते. दुसरी जागा ‘मर्यादा’ आणि ‘परिमर्यादा’. समजा, जत तालुक्यातल्या फक्त जिल्हा परिषदेच्या शाळा घ्यायच्या असे संशोधकाने स्वतः ठरवले, ही परिमर्यादा. शिक्षकांनी प्रश्नावलीत मनातले न लिहिता साहेबांना आवडेल ते लिहिले, तर ती मर्यादा. तिच्यावर संशोधकाचा ताबा नाही. ‘व्याप्ती’ हा शब्द न्यायशास्त्रातून, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातून, आला आहे. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, हा अटळ संबंध म्हणजे व्याप्ती. आजच्या प्रबंधात तिचा अर्थ ‘अभ्यास कुठवर पसरला आहे’ इतकाच उरला. तर्कशास्त्राच्या अभ्यासकाने आपल्या प्रबंधात हा मथळा घातला तर परीक्षक क्षणभर थबकतो.

याच्या उलटही घडते : वस्तू एक, नावे अनेक. शालेय रसायनशास्त्राने नत्र सोडून नायट्रोजन घेतला. शेतीशास्त्रात मात्र ‘नत्र, स्फुरद, पालाश’ ही त्रयी खतांच्या शिफारशींत आणि कृषी पदवीधरांच्या शोधनिबंधांत अजून ठाण मांडून आहे. एकाच जिल्ह्यातले दोन संशोधक, एक रसायनशास्त्राचा आणि एक मृदाशास्त्राचा, एकाच मातीतला एकच घटक मोजतात आणि दोन नावांनी लिहितात. पाठ्यपुस्तकातून गेलेला शब्द बांधावर जगला याचे कारण साधे आहे. तिथे तो नुसता छापला गेला नाही, बोललाही गेला. इंग्रजीतल्या ‘डेटा’ला मात्र असे घर मिळाले नाही. सामग्री, आधारसामग्री, तथ्ये, प्रदत्त, माहिती आणि अलीकडचे ‘विदा’ एवढे पर्याय असूनही संशोधक बोलताना ‘डेटा कलेक्शन चालू आहे’ असेच म्हणतात. बोलण्यात गाईड, सिनॉप्सिस, चॅप्टर, व्हायवा. लिहिताना मार्गदर्शक, संशोधन आराखडा, प्रकरण, मौखिकी. मराठीतला संशोधक असा दोन भाषांत राहतो, आणि दुसरी त्याला बहुधा टंकलिखिताच्या पहिल्या पानावरच भेटते.

या दुसऱ्या भाषेचे एक मोठे घर वाईत आहे. नारायणशास्त्री मराठे यांच्या प्राज्ञपाठशाळेत तयार झालेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाचे अध्यक्ष झाले आणि मराठी विश्वकोशाचे काम कृष्णाकाठच्या या गावात आले. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, पण त्याआधी १९७३ मध्ये परिभाषासंग्रह निघाला. क्रमांकाने हा खंड अठरावा. हा उलटा क्रम मला फार बोलका वाटतो. शब्द ठरल्याशिवाय नोंदी लिहिता येत नाहीत, आणि शंभर विषयांचे लेखक आपापल्या मनाने शब्द वापरू लागले तर कोश एक राहत नाही. इंग्रजीतला ‘पॉवर’ भौतिकीत ‘शक्ती’, गणितात ‘घात’, राज्यशास्त्रात ‘सत्ता’. ‘फंक्शन’ गणितात ‘फलन’, समाजशास्त्रात ‘कार्य’ (आणि गावात लग्नाचा समारंभ). म्हणून परिभाषा ठरवताना ‘या शब्दाला मराठीत काय म्हणतात’ हा प्रश्न अपुरा पडतो. कोणत्या शास्त्रात, हे आधी विचारावे लागते. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही म्हणूनच विषयवार निघाले.

शब्द निवडणे म्हणजे बाजू घेणे, हे सर्वांत स्पष्ट दिसते ते कोयनेच्या भूकंपात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसर हादरला. धरणात पाणी साठवू लागल्यापासून तिथे धक्क्यांची मालिका चालू होती. अशा भूकंपांना मराठीत सर्रास ‘जलाशयप्रेरित’ म्हटले जाते. भूकंपशास्त्राच्या इंग्रजी लेखनात मात्र ‘इंड्यूस्ड’ आणि ‘ट्रिगर्ड’ असा भेद करतात. खडकातला ताण मुख्यतः माणसाच्या उद्योगाने निर्माण झाला असेल तर पहिला शब्द. ताण आधीचाच आणि भूगर्भातला असेल, जलाशयाने फक्त शेवटचा धक्का दिला असेल, तर दुसरा. कोयनेवर आयुष्यभर काम केलेले भूकंपशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता दुसऱ्या शब्दाचा आग्रह धरतात. मराठीतला ‘प्रेरित’ नकळत पहिल्या बाजूला झुकतो. ‘जलाशयाने चालना दिलेला भूकंप’ हे शब्द लांबट आहेत, कानाला फारसे गोड नाहीत, पण शास्त्राला जे म्हणायचे आहे ते म्हणतात. धरणाने भूकंप घडवला की घडणारा भूकंप लवकर आणला, यावर कुणाची किती जबाबदारी हे ठरते, म्हणून हा वाद निव्वळ शब्दांचा नाही.

इतिहासात हाच प्रकार वेगळ्या रीतीने चालतो. १९४३ ते १९४६ या काळात नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यात उभ्या राहिलेल्या यंत्रणेला ‘प्रतिसरकार’, ‘समांतर सरकार’ आणि ‘पत्री सरकार’ अशी तीन नावे आहेत. (वाळवा, तासगाव, शिराळा हा भाग त्या वेळी साताऱ्यातच होता, दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि पुढे तोच सांगली.) ‘प्रतिसरकार’ लिहिणारा गावोगावची न्यायदान मंडळे आणि पर्यायी सत्ता डोळ्यांसमोर ठेवतो. ‘पत्री सरकार’ या नावात लोकांच्या तोंडची दहशत आणि कौतुक दोन्ही आहे. गुन्हेगाराच्या तळपायाला पत्र्या ठोकत, अशी आख्यायिका त्यामागे सांगतात. इंग्रज प्रशासनाच्या दृष्टीने तोच प्रकार निव्वळ गुन्हेगारीचा होता. अभ्यासकाने पहिल्या पानावर कोणते नाव घेतले यावरून पुढच्या दोनशे पानांचा कल कळतो. सांगलीचे दुसरे उदाहरण नाट्येतिहासातले. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, तिथून मराठी रंगभूमी सुरू झाली असे मानतात. पण तंजावरच्या भोसले दरबारात त्याच्या दीडशे वर्षे आधी मराठी नाटके लिहिली गेली होती. तेव्हा ‘पहिले मराठी नाटक’ कोणते, याचे उत्तर ‘नाटक’ म्हणजे संहिता की लोकांपुढे झालेला प्रयोग यावर अवलंबून आहे. व्याख्या न देता ‘पहिले’ म्हणणारा लेखक अर्धा वाद गिळून टाकतो.

संशोधक स्वतःकडे आणि इतरांकडे कोणत्या शब्दांनी बोट दाखवतो, हेही शाखेशाखेत वेगळे. प्रयोगशाळेतले लोक ‘नोंदवले’, ‘दाखवले’, ‘आढळले’ लिहितात. तत्त्वज्ञान आणि समीक्षेत ‘प्रतिपादन करतात’, ‘सुचवतात’, ‘दावा करतात’ ही क्रियापदे चालतात. ‘दावा करतात’ लिहिले की लेखकाला ते पटलेले नाही, हे जाणता वाचक ओळखतो. इंग्रजीवरच्या अभ्यासांत असे दिसले आहे की सावधपणाची भाषा मानव्यविद्यांत अधिक आणि निसर्गविज्ञानांत कमी असते. मराठीला त्यासाठी वेगळा शब्दही लागत नाही. ‘हा शिलालेख बाराव्या शतकातला असावा’ यातला ‘-आवा’ सगळे सांभाळून घेतो. हा प्रत्यय इतिहास संशोधकांचा लाडका. भौतिकीच्या निबंधात तो विचित्र दिसेल. स्वतःचा उल्लेख करताना मराठी प्रबंधात ‘मी’ टाळून ‘प्रस्तुत संशोधकाने’ किंवा ‘संशोधिकेने’ म्हणण्याची रीत आहे आणि त्यापाठोपाठ ‘पाहणी करण्यात आली’ येते. यात नम्रता किती आणि सरकारी पत्रव्यवहाराची सवय किती, हे सांगणे अवघड. मला सवयच जास्त वाटते. उन्हातान्हात चाळीस घरे ज्याने पालथी घातली त्याने ‘मी पाहणी केली’ म्हणायला काही हरकत नसावी.

शब्दांचा प्रवास नेहमी वरून खाली होतो असेही नाही. उसाच्या लागणीचे ‘आडसाली’, ‘सुरू’ हे हंगाम शेतकऱ्यांच्या बोलण्यातून शास्त्रात गेले आणि इंग्रजी शोधनिबंधांत आज ते रोमन अक्षरांत तसेच्या तसे छापले जातात. दीड वर्षाच्या आडसाली पिकाला इंग्रजीत एक शब्द नव्हताच. फलटण तालुक्यातल्या पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे; तिथल्या लेखनात हे शब्द परके वाटत नाहीत. ‘खोडव्या’ला (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसाला) मात्र ‘रॅटून’ हा तयार इंग्रजी शब्द मिळाला आणि तो घरीच राहिला. वनस्पतिशास्त्रात कास पठारावरच्या वायतुऱ्याचे शास्त्रीय नाव ‘अपोनोजेटॉन सातारेन्सिस’ आहे. लॅटिन प्रत्यय लागून साताऱ्याचे नाव जगभरच्या वनस्पतिसूच्यांत गेले, पण ‘वायतुरा’ हे नाव पठारावरच राहिले.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या उचलेगिरी रोखणाऱ्या २०१८ च्या विनियमांनी या सगळ्याला एक नवी कसोटी लावली. प्रबंधाचा मजकूर इतर लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंत जुळला तर दंड नाही. त्यापुढे पायरीपायरीने कारवाई. सर्वसामान्य संज्ञा, कायदे, प्रमाण चिन्हे आणि समीकरणे त्या मोजणीतून वगळली आहेत, आणि योगायोगाने जुळलेले सलग चौदापर्यंतचे शब्दही. या अपराधाला मराठीत ‘वाङ्मयचौर्य’ म्हणतात, मग चोरी आलेखाची असली तरी. ‘प्रस्तुत संशोधनाची व्याप्ती सातारा जिल्ह्यातील निवडक माध्यमिक शाळांतील इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांपुरती मर्यादित आहे’ हे वाक्य तेरा शब्दांचे आहे.