तास कंटाळवाणा आणि मेंदूतला निळा ठिपका

गेल्या आठवड्यात नववीतल्या एका मुलाची आई शाळा सुटल्यावर मला भेटायला आली. हातात एक पत्रक होतं, सक्करदरा चौकात कुणीतरी वाटलेलं: 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन! एकाग्रता वाढवा, डोळे बांधून वाचा!' मिडब्रेन म्हणजे मेंदूचा मधला भाग. फी हजारांत. "मॅडम, लावू का याला?" मुलगा बाजूलाच उभा होता. मी त्यालाच विचारलं, वर्गात नेमकं होतं काय? तो म्हणाला, "मॅडम, मी पाहून तर फळ्याकडेच राहिलो असतो, पण डोकं कधी निघून जाते तेच समजत नाही."

हे वाक्य मला फार प्रामाणिक वाटलं. नागपुरातला जून-जुलैचा सहावा तास डोळ्यांसमोर आणा. डबा खाऊन झालाय, पाऊस रखडलाय, पंखा नुसती गरम हवा फिरवतोय आणि समोर धडा ओळीनं वाचून दाखवला जातोय. त्यात ज्याचं लक्ष उडतं त्याला आपण आळशी म्हणतो, 'मन लाव' म्हणून सांगतो. मन लावायचं म्हणजे करायचं काय, हे मात्र कुणी सांगत नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलापुढे हाच प्रश्न होता. रडारच्या पडद्यावर तासन् तास नजर ठेवणाऱ्यांच्या हातून खुणा निसटत होत्या. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञानं एक घड्याळ बनवलं. आकडे नसलेली पांढरी तबकडी आणि दर सेकंदाला एक घर पुढं जाणारा काटा. मध्येच कधीतरी काटा एकदम दोन घरं उडी मारायचा. ती उडी दिसली की बटण दाबायचं, एवढंच काम, दोन तास. १९४८ साली प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष सांगतात की पहिल्या अर्ध्या तासातच माणसं उड्या चुकवू लागली. तीही सैन्यात तयार झालेली, कामाचं गांभीर्य जाणणारी माणसं. पण याच प्रयोगात एक गोष्ट आहे जी शिक्षकांनी भिंतीवर लिहून ठेवावी. प्रत्येक वेळी 'बरोबर', 'चुकलं' असं लगेच सांगत गेलं, तर लक्षाची ही घसरण जवळपास थांबली. घड्याळ तेच, कंटाळा तोच, फक्त दर वेळी निकाल कळत होता.

असं का व्हावं, हे कळायला मेंदूच्या देठात, म्हणजे ब्रेनस्टेममध्ये, उतरावं लागतं. तिथं, जाहिरातवाल्यांच्या लाडक्या मिडब्रेनच्या लगेच खाली, लोकस सिरुलियस नावाचा पेशींचा एक बारीक पुंजका आहे. लॅटिनमध्ये अर्थ 'निळी जागा'. पेशींतल्या रंगद्रव्यामुळे तो निळसर दिसतो. लांबी सुमारे दीड सेंटिमीटर, जाडी दोन-अडीच मिलिमीटर. मेंदूत एकूण ८,६०० कोटींच्या आसपास चेतापेशी. त्यातल्या या ठिपक्यात दोन्ही बाजूंच्या मिळून साधारण पन्नास हजार. पण त्यांचे धागे जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरलेले आहेत आणि त्यांतून नॉरॲड्रेनॅलिन हे रसायन पाझरतं. एखाद्या वाड्यात एकच नळ असावा आणि त्याचं पाणी प्रत्येक खोलीत पोचावं, तसं.

हा नळ दोन तऱ्हेनं चालतो. एक संथ धार, जागेपणी सेकंदाला एक ते तीन ठोक्यांची (ठोका म्हणजे पेशीनं दिलेला विजेचा बारीक संकेत). दुसरी झटक्याची: काही महत्त्वाचं किंवा अनपेक्षित समोर आलं की पेशी एकदम ठोके देतात आणि लगेच शांत होतात. संथ धार फार मंद असेल तर पेंग येते. मध्यम असेल तर झटके नीट उमटतात आणि लक्ष एका जागी टिकतं. धार फार जोरात असेल, म्हणजे भीती, ताण, डोक्यावर छडी, तर झटके त्या गोंगाटात हरवतात आणि मन दर क्षणी दुसरीकडे पळतं. कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागात हा फरक आणखी बारकाईनं दिसतो. नॉरॲड्रेनॅलिन बेताचं असताना ते अल्फा-२ए ग्राहींना, म्हणजे पेशीवरच्या रसायन पकडणाऱ्या जागांना, चिकटतं आणि तिथल्या पेशींची एकमेकींशी असलेली जोडणी पक्की राहते. ते अति झालं की रसायनाची कमी ओढ असलेले अल्फा-१ ग्राही जागे होतात आणि त्या जोडण्या सैल पडतात. म्हणून वर्ग झोपला की ओरडून जागा करणं ही चूक आहे. ओरडल्यानं पोरं मंद टोकावरून थेट जोरदार टोकावर जातात, मधली जागा हुकतेच.

हे घरी बघताही येतं, आणि याचं मला अजून नवल वाटतं. डोळ्याची बाहुली या निळ्या ठिपक्याच्या हालचालीबरोबर बारीक-मोठी होते. १९६४ मध्ये एकहार्ड हेस आणि जेम्स पोल्ट यांनी लोकांना तोंडी गुणाकार घातले, ७ गुणिले ८ पासून १६ गुणिले २३ पर्यंत. गणित जितकं अवघड तितकी बाहुली मोठी झाली आणि उत्तर दिल्यावर पुन्हा बारीक झाली. मी माझ्या भाच्यावर करून पाहिलं. आपल्याकडचे डोळे गडद तपकिरी, त्यामुळे बाहुलीची कड दिसायला दिवा बाजूनं धरावा लागतो, आणि तो अजिबात हलवायचा नाही, कारण उजेडानं होणारा बदल याहून कितीतरी मोठा असतो. मोबाइलवर चित्रण करत विचारलं, १६ गुणिले २३? त्याचे ओठ हलू लागले आणि काळं वर्तुळ सावकाश पसरलं, जेमतेम अर्धा मिलिमीटर असेल. "तीनशे अडुसष्ट!" म्हणाला आणि ते आवळलं. विचार करताना माणसाचा डोळा उघडतो, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

आता सहाव्या तासाकडे परत येऊ. धडा वाचला जात असताना मेंदू कशाचीच वाट पाहत नसतो. वाट नाही म्हणून झटका नाही, आणि झटका नाही म्हणून मन बाहेर. उपाय त्या मुलाच्याच हातात होता. मी त्याला सांगितलं, वहीच्या समासात पुढं काय येणार त्याचा अंदाज एका ओळीत लिही, आणि सर तिथं पोचले की बरोबरची खूण कर नाहीतर फुली मार. मॅकवर्थच्या घड्याळावरचं 'बरोबर-चुकलं' आपलं आपणच द्यायचं. अंदाज चुकला तरी तोटा नाही. २००९ मध्ये कॉर्नेल, हेज आणि ब्यॉर्क यांनी दाखवलं की आधी चुकीचं उत्तर देऊन मग लगेच बरोबर कळलं, तर नुसतं वाचून ठेवण्यापेक्षा ते जास्त लक्षात राहतं. समासात रेघोट्या ओढणाऱ्यांनाही रागावू नये. त्याच वर्षी जॅकी अँड्रेड यांच्या प्रयोगात, कंटाळवाणा निरोप ऐकताना आकृत्या रंगवणाऱ्यांना इतरांपेक्षा २९ टक्के जास्त आठवलं. मात्र रात्री बारापर्यंत मोबाइल आणि सकाळी सातची शाळा असेल तर यातलं काहीच चालणार नाही. किशोरवयात आठ ते दहा तास झोप लागते, तिला पर्याय नाही.

त्या आईला पत्रकाबद्दल स्पष्टच सांगितलं. मिडब्रेन प्रत्येक जागत्या मुलाचा चालूच असतो, तो बंद असता तर मूल उभंच राहिलं नसतं. डोळे बांधलेली मुलं नाकाच्या कडेच्या फटीतून खाली बघतात. पुस्तक खाली न धरता डोक्यामागे धरा, वाचन थांबतं. यात सगळ्यात वाईट वाटतं ते हे की मुलाला आईबापांसमोर खोटं बोलायला शिकवलं जातं, आणि त्यासाठी आईबापच पैसे मोजतात.

परवा तो मुलगा भूगोलाची वही घेऊन आला. मान्सूनचा धडा, समासात सात अंदाज, चार फुल्या. एका फुलीसमोर लिहिलं होतं: 'नागपूरला पाऊस फक्त अरबी समुद्रातून येते.' खाली वेगळ्या शाईत: 'नाही! बंगालच्या उपसागरातूनपण.' उद्‌गारचिन्ह इतकं दाबून काढलं होतं की मागच्या पानावर उमटलं होतं.