मॉर्मनांचे कागद एका लायब्ररीत का सापडत नाहीत

मॉर्मन धर्मावर, म्हणजे अमेरिकेत जोसेफ स्मिथने सुरू केलेल्या ख्रिस्ती पंथावर, रिसर्च करायला घेतला की वाटतं युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीला त्यांच्या चर्चची स्वतःची हिस्ट्री लायब्ररी आहे, तिथे सगळं मिळेल. बरंच मिळतंही, पण सगळं नाही, आणि त्याचं कारण भांडणांत आहे. कोणता कागद कुठे आहे हे कळायला आधी कोण कोणाशी भांडलं ते माहीत हवं.

खरं तर नोंदी ठेवायचं वेड या लोकांना पहिल्या दिवसापासून. ६ एप्रिल १८३० ला न्यूयॉर्क राज्यात चर्च स्थापन झालं आणि त्याच दिवशी जोसेफ स्मिथने नोंदवही ठेवायचा ईश्वरी आदेश सांगितला. गंमत बघा, ज्याला इतिहास लिहायला बसवलं तो जॉन व्हिटमरच १८३८ मध्ये बाहेर पडला आणि वही काही दिली नाही. १८४४ ला जमावाने स्मिथला तुरुंगात मारलं, मग त्याच्यानंतर नेता झालेल्या ब्रिगहम यंगची माणसं कागदांच्या पेट्या गाड्यांवर लादून युटाला गेली, पण स्मिथची बायको एमा आणि मुलं इलिनॉयमध्येच राहिली आणि १८६० मध्ये त्यातल्या एका मुलाच्या नेतृत्वाखाली वेगळं चर्च झालं, त्याचं मुख्यालय मिझुरीतल्या इंडिपेंडन्सला आहे, म्हणून आजही तिकडे वळून बघावंच लागतं.

बुक ऑफ मॉर्मन या त्यांच्या धर्मग्रंथाच्या मूळ हस्तलिखिताचं तर फारच वाईट झालं. स्मिथने ते १८४१ मध्ये नॉवू गावात बांधत असलेल्या एका इमारतीच्या कोनशिलेत ठेवलं. १८८२ मध्ये एमाच्या दुसऱ्या नवऱ्याने ती उघडली तर आत पाणी शिरून बरीच पानं कुजलेली, जी हाताला लागली ती त्याने भेटायला येणाऱ्यांना वाटून टाकली. आता साधारण २८ टक्केच शिल्लक आहे. छापखान्यासाठी केलेली नक्कल मात्र टिकली, ती इंडिपेंडन्सवाल्यांकडे होती, २०१७ मध्ये युटावाल्यांनी ३.५ कोटी डॉलर मोजून घेतली.

बाहेरच्या लायब्ररींकडे माल गेला तो वेगळ्याच वाटांनी. बँक्रॉफ्ट नावाच्या अमेरिकन इतिहासकाराने १८८० च्या दशकात युटाचा इतिहास लिहायला घेतला तेव्हा चर्चनेच त्याला साहित्य पुरवलं, ते आज कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात आहे. येल विद्यापीठाची बायनेकी आणि कॅलिफोर्नियातली हंटिंग्टन या लायब्रऱ्याही सोडू नका.

१९७२ मध्ये लिओनार्ड अॅरिंग्टन हा पेशाने इतिहासकार असलेला माणूस चर्चचा अधिकृत इतिहासकार झाला आणि अभ्यासकांना दारं उघडली, वरच्यांना ते झेपलं नाही, १९८२ मध्ये त्याचा विभाग चर्चच्याच ब्रिगहम यंग विद्यापीठात हलवला. त्याचे कागद लोगनच्या युटा स्टेट विद्यापीठात, आणि २००१ मध्ये त्यावरूनही वाद झालाच. मध्ये मार्क हॉफमनने बनावट पत्रं विकली आणि पितळ उघडं पडायला लागल्यावर १९८५ मध्ये बॉम्बने दोघांना मारलं, त्यामुळे त्या काळात ‘नवीन सापडलेला’ असा कागद दिसला की आधी तो आला कुठून ते बघा. २००८ ते २०२३ मध्ये छापलेले जोसेफ स्मिथ पेपर्स ऑनलाइन फुकट आहेत, सुरुवात तिथूनच करा. शेल्फवर शोधायचं तर अमेरिकेच्या काँग्रेस लायब्ररीच्या वर्गीकरण पद्धतीत बीएक्स ८६०१ ते ८६९५ या क्रमांकांखाली बघा.

आपल्यासाठी एक धागा आहे. ह्यू फिंडले नावाचा मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुण्यापर्यंत पोचला. या मिशनची पत्रं लिव्हरपूलहून निघणाऱ्या मिलेनियल स्टार या चर्चच्या नियतकालिकात छापून यायची, शोधताना पुण्याचं नाव इंग्रजांच्या जुन्या स्पेलिंगने टाका, आत्ताच्या स्पेलिंगने काही हाती लागणार नाही.