सेप्टिक टाकीची दुर्गंधी

घरगुती सेप्टिक टाकीत तयार झालेले वायू भलत्या वाटेने घरात किंवा अंगणात आल्यामुळे सुटणारा कुजका वास. टाकीच्या आत वास असणे हा बिघाड नव्हे, कारण कुजवणे हेच तिचे काम. ‘सेप्टिक’ या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थही ‘कुजवणारा’ असाच आहे. इंग्लंडमधील एक्सेटर येथे डोनाल्ड कॅमेरन याने १८९५ च्या सुमारास बांधलेल्या टाकीमुळे हे नाव रूढ झाले. टाकीच्या आत वास असायचाच, त्यामुळे बाहेर वास आला की आधी वायूची वाट शोधावी. टाकी उपसण्याचा विचार नंतर.

टाकीत मैल्याचा जड भाग तळाशी गाळ होऊन बसतो, तेलकट भाग तरंगून वर साय धरतो आणि मधले पाणी शोषखड्ड्याकडे जाते. आत प्राणवायू जवळजवळ नसतो. त्याशिवाय जगणारे काही जिवाणू पाण्यातील सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो याचाच. मिथेन आणि कार्बन डाय-ऑक्साइड त्याहून कितीतरी जास्त बनतात, पण त्यांना वास नसतो.

हे वायू घरात येऊ नयेत म्हणून संडासाच्या प्रत्येक भांड्याखाली, बेसिनखाली आणि मोरीच्या जाळीखाली नळीला बाक दिलेला असतो. त्या बाकात साधारण ५० मिलिमीटर पाणी साचून राहते. हे पाण्याचे बूच म्हणजेच ट्रॅप. पाहुण्यांची म्हणून ठेवलेली, महिनोन्‌महिने न वापरलेली न्हाणी उघडताच नाकात भपकारा शिरतो, तेव्हा बहुतेक वेळा हे बूचच वाळलेले असते. जाळी उचलून आत विजेरी मारावी. खाली पाणी चमकले नाही, तर दोन तांबे पाणी ओतावे आणि तासाभराने पुन्हा वास घ्यावा. खोली पुढे बंदच राहणार असेल, तर वरून चमचाभर तेल सोडल्यास पाणी लवकर उडत नाही. उपाय इतका क्षुल्लक आहे, की तो सुचण्याआधी लोक फिनाइलच्या बाटल्या रिकाम्या करतात.

बूच वाळण्याखेरीज ओढलेही जाते. फ्लश केल्यावर शेजारच्या मोरीत गुडगुड ऐकू आली, तर व्हेंट पाईप, म्हणजे वायू वर सोडणारी आणि नळ्यांना हवा देणारी उभी नळी, तुंबला असण्याचा संभव आहे. खाली धावणाऱ्या पाण्याला वरून हवा मिळाली नाही, की ते ट्रॅपमधून हवा खेचते आणि तिच्याबरोबर बूचही जाते. पाइपाच्या तोंडाशी पक्ष्याचे घरटे, पाला किंवा गंजून मिटलेली जाळी सापडते. पाईप मोकळा असूनही अंगणात वास घुटमळत असेल, तर त्याची उंची पुरेशी नाही किंवा वारा छपरावरून खाली उतरतो; तोंड छपराच्या वर आणि खिडक्यांपासून दूर न्यावे. तोंडावर कोळशाची गाळणी बसवता येते, मात्र कोळसा अधूनमधून बदलावा लागतो. कमोडच्या बुडाचा सांधा सुटणे आणि चेंबरचे झाकण नीट न बसणे ही राहिलेली नेहमीची कारणे.

खुद्द टाकीचा दोष असतो तो दोन प्रकारचा. गाळ आणि साय मिळून टाकीची सुमारे एक तृतीयांश खोली व्यापली, की उपसा करावा. माणसे आणि टाकीचा आकार यांनुसार ही वेळ साधारण दोन ते पाच वर्षांनी येते. उपसताना थोडा गाळ मुद्दाम मागे ठेवतात, म्हणजे जिवाणूंचे विरजण टिकते. दुसरा दोष हे विरजण मारण्याचा. ॲसिड, ब्लीच आणि जंतुनाशके सढळ हाताने ओतली, की कुजण्याची क्रिया अर्धवट राहते आणि वास उलट वाढतो. बाजारातील जिवाणूंच्या पुड्यांनी हे काम सुधारते, असे खात्रीने म्हणता येत नाही; त्या टाकून उपसा टाळणे तर चूकच. शोषखड्ड्यापाशी जमीन ओली राहून वास येत असल्यास खड्डा पाणी शोषेनासा झाला असे समजावे.

हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने टाकीत आणि खड्ड्यात साचून राहतो. दहा लाख भागांत एक भाग याहूनही कमी असला, तरी तो नाकाला कळतो. पण प्रमाण शंभरच्या आसपास गेले, की नाक बधिर होते आणि वास नाहीसा झाल्यासारखा वाटतो. याच भ्रमात टाकीत उतरलेला माणूस जागीच कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. टाकीत कोणीही उतरू नये, डोकावूही नये. मिथेन पेट घेतो, म्हणून झाकणाजवळ काडी, उदबत्ती किंवा विडी पेटवू नये. हाच हायड्रोजन सल्फाइड ओल्या छतावर जिवाणूंमुळे गंधकाम्ल बनून काँक्रीट खातो. म्हणून जुन्या टाकीच्या झाकणावर उभे राहणेही धोक्याचे असते.

वास फक्त गरम पाण्याच्या नळालाच येत असेल, तर मात्र टाकीकडे वळू नये. गिझरमधील गंज रोखणारा मॅग्नेशियमचा दांडा आणि पाण्यातील सल्फेट यांच्या जोडीने तिथेही हाच वायू बनतो. अशा वेळी गिझर साफ करून दांडा बदलावा.