चार पानांत मावलेला कोसंबी

पणजीत कोसंबी विचार महोत्सव भरला की वर्तमानपत्रांत ठरलेलं वाक्य येतं: 'थोर इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी'. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात त्यांचं नाव लागलं आहे तेही समाजशास्त्रांच्या विद्याशाखेला. यात चूक काहीच नाही. पण जगात आज रोज ज्या ठिकाणी 'कोसंबी' हा शब्द उच्चारला जातो, ती जागा इतिहासाचा वर्ग नव्हे. भात, गहू, टोमॅटो यांच्या जनुकांचे नकाशे करणाऱ्या प्रयोगशाळांत संगणकावर एक प्रश्न येतो: अंतर कुठल्या सूत्राने काढू, हाल्डेन की कोसंबी? बहुतेक जण कोसंबी निवडतात. हा कोण, हे त्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसतं. आणि महोत्सवाला जाणाऱ्यांना ते सूत्र ठाऊक नसतं.

माणूस थोडक्यात सांगतो, कारण जागा सूत्राला हवी आहे. वडील धर्मानंद कोसंबी सांखवाळचे, पाली भाषेचे पंडित. दामोदर यांचा जन्म ३१ जुलै १९०७चा, गोव्यातलाच. १९२९ साली हार्वर्डची पदवी घेऊन ते भारतात परतले. बनारस आणि अलिगढ इथे शिकवून १९३३मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. पुढे होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं. राहायला पुणे, काम मुंबईत, म्हणून डेक्कन क्वीनने जा-ये. मूळ विषय भूमिती. पण प्राचीन नाण्यांचा काळ ठरवण्यासाठी त्यांनी संख्याशास्त्र हाताशी घेतलं आणि हजारो नाणी तराजूत घालून झिजेचा हिशोब मांडला. चलनात जास्त फिरलेलं नाणं जास्त झिजतं, एवढंच त्यामागचं तत्त्व. त्याच संख्याशास्त्राच्या नादात, फर्ग्युसनमध्ये शिकवत असताना, जनुकांच्या अंतरावरचा त्यांचा निबंध १९४४ साली 'अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स' या नियतकालिकात आला. पानं चार.

आता त्या चार पानांकडे येऊ.

गुणसूत्रं जोडीने असतात, एक आईकडून आलेलं आणि एक बापाकडून, हे शाळेत झालं आहे. बीजपेशी किंवा परागकण तयार होताना अर्धगुणसूत्री विभाजन होतं. त्या वेळी जोडीतली दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटतात, समोरासमोरच्या जागी तुटतात आणि तुकड्यांची अदलाबदल करून पुन्हा सांधली जातात. एकाच गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमध्ये अंतर जितकं जास्त, तितकी मध्ये कुठेतरी अदलाबदल होण्याची शक्यता जास्त. १९१३ साली अमेरिकेत स्टर्टेव्हंट या तरुण विद्यार्थ्याने हीच गोष्ट उलटी वापरली: अदलाबदल किती वेळा झाली ते मोजा आणि त्यावरून अंतर काढा. फळमाशीच्या सहा जनुकांचा त्याने केलेला नकाशा हा जगातला पहिला जनुकीय नकाशा. शंभरात एक अदलाबदल म्हणजे अंतराचं एक माप. या मापाला पुढे स्टर्टेव्हंटचे गुरू मॉर्गन यांच्यावरून सेंटिमॉर्गन हे नाव मिळालं.

आपल्या खाजनातलं, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतातलं, उदाहरण घेऊ. कोरगुट हे खारं पाणी सोसणारं गोव्याचं जुनं भात. उत्पन्न कमी, पण बांध फुटून किंवा मानशीची (बांधातल्या पाणदाराची) फळी निसटून भरतीचं पाणी शेतात शिरलं तरी तग धरतं. ज्योती ही सुधारित जात जास्त पिकते, पण मिठापुढे टिकत नाही. दोघांचा संकर करायचा आणि त्या संकराचा पुन्हा ज्योतीशी संकर करायचा. हे बसल्याजागी होत नाही. भाताच्या एका फुलात सहा पुंकेसर असतात. फूल उमलण्याआधी तुसाचं टोक कातरून सहाही काढावे लागतात, मग लोंबीवर कागदी पिशवी चढवायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फुलोरा उघडला की पराग झटकायचे. एक पुंकेसर राहिला तर स्वपरागण होतं आणि तो दाणा हिशोब बिघडवतो. एका फुलाला एकच दाणा. एवढं करून समजा २०० रोपं हाती आली.

प्रत्येक रोपाच्या डीएनएवर एकाच गुणसूत्रावरच्या तीन खुणा तपासल्या: अ, ब, क, याच क्रमाने. अ आणि ब यांच्यात अदलाबदल झालेली रोपं ४० निघाली, म्हणजे २० टक्के. ब आणि क यांच्यातही ४०. मग अ ते क या दोन टोकांमध्ये किती? सरळ बेरजेने ८० यायला हवीत. येत नाहीत, कमी येतात. कारण काही रोपांत दोन्ही टप्प्यांत अदलाबदल झालेली असते. पहिल्या अदलाबदलीने टोकं वेगळी झाली, दुसरीने ती पुन्हा जागेवर आली. दोन टोकंच पाहणाऱ्याला तिथे काहीच घडलेलं दिसत नाही. अशी दुहेरी रोपं मोजणीतून दोनदा निसटतात. म्हणून दोन जनुकं कितीही लांब असली तरी टक्केवारी ५०च्या वर जात नाही. अंतराला मर्यादा नाही, टक्केवारीला आहे. एकीवरून दुसरं कसं काढायचं, हाच सगळा प्रश्न.

इंग्रज शास्त्रज्ञ हाल्डेन यांनी १९१९मध्ये उत्तर दिलं. त्यांनी धरलं की एक अदलाबदल दुसरीला अजिबात अडवत नाही. पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तशा त्या स्वतंत्रपणे पडतात. त्या हिशोबाने वरच्या उदाहरणात २०० गुणिले ०.२ गुणिले ०.२ म्हणजे ८ दुहेरी रोपं, आणि टोकांत बदल दिसणारी ८० वजा १६, म्हणजे ६४. गणित सुबक आहे, पण निसर्ग तसा वागत नाही. एका जागी अदलाबदल झाली की शेजारी दुसरी सहसा होत नाही. याला व्यतिकरण म्हणतात आणि फळमाशीत ते हाल्डेनच्या आधीच लक्षात आलं होतं. (हेच हाल्डेन १९५७मध्ये भारतात आले आणि इथलेच झाले.)

कोसंबींनी काय केलं ते पायरीपायरीने पाहू. इथे थोडा धीर धरा. टक्केवारीला दशांशात 'र' म्हणू. अंतर अगदी थोडं, एका पावलाएवढं वाढवलं तर 'र' किती वाढेल? त्या पावलात अदलाबदल झाली तर 'र' वाढतो. पण मागच्या रस्त्यात आधीच एक अदलाबदल झालेली असेल तर ही नवी तिला पुसून टाकते, आणि तेवढं दुप्पट वजा करावं लागतं. म्हणून वाढीचा वेग = १ − २ × स × र. यातला 'स' म्हणजे दोन अदलाबदली एकत्र येण्याची मोकळीक. 'स' शून्य धरला तर दुहेरी कधीच नाही, अंतर आणि टक्केवारी एकच. हा सरळ बेरजेचा हिशोब. 'स' एक धरला की हाल्डेन. कोसंबींनी 'स'ला स्थिर ठेवलंच नाही. त्यांनी स = २र असं धरलं. खुणा अगदी जवळ असल्या की र शून्यापाशी, म्हणून मोकळीकही शून्यापाशी. खुणा फार लांब गेल्या की र = ०.५, आणि मोकळीक पूर्ण एक. मधल्या अंतरांवर ती सरळ चढत जाते. वेग झाला १ − ४र². हे समीकरण बारावीच्या समाकलनाने सुटतं:

अंतर (मॉर्गनमध्ये) = ¼ × नैसर्गिक लॉग [ (१ + २र) ÷ (१ − २र) ]

आलेल्या उत्तराला १००ने गुणलं की सेंटिमॉर्गन. र = ०.२० घातलं तर २१.२ येतात, हाल्डेन २५.५ सांगतात. र = ०.०५ असेल तर ५.०२ आणि ५.२७, म्हणजे भांडण्यासारखं काही नाही. र = ०.४० असेल तर कोसंबी ५४.९ आणि हाल्डेन ८०.५. खुणा विरळ असल्या की सूत्राची निवड नकाशाची लांबी कुठल्या कुठे नेते.

दोन टप्प्यांच्या टक्केवाऱ्या जोडायचा कोसंबींचा नियम असा निघतो: (र१ + र२) ÷ (१ + ४ × र१ × र२). आपल्या उदाहरणात ०.४ ÷ १.१६ = ०.३४५, म्हणजे २०० पैकी ६९ रोपं. दुहेरी रोपं ८ऐवजी साडेपाच. भौतिकशास्त्र शिकलेल्यांनी हा नियम ओळखला असेल. आइन्स्टाइनच्या विशेष सापेक्षतेत दोन वेग जोडायचं सूत्र हुबेहूब हेच आहे; प्रकाशवेगाच्या जागी ०.५ ठेवा, झालं. तिथे प्रकाशवेग ओलांडता येत नाही, इथे पन्नास टक्के. भूमितीच्या प्राध्यापकाला ही गंमत दिसली नसेल असं वाटत नाही.

स = २र हे कोसंबींनी कुठल्या यंत्रणेवरून काढलेलं नव्हतं. दोन टोकं बरोबर ठेवून मधून काढलेली ती सर्वांत साधी रेषा होती. अदलाबदली एकमेकींपासून लांब का राहतात याचं पटेलसं स्पष्टीकरण फार उशिरा आलं. अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपावरच्या २०२१मधल्या कामात दिसलं की एचईआय-१० नावाचं प्रथिन चिकटलेल्या गुणसूत्रांच्या लांबीभर सरकत राहतं. त्याचे मोठे गोळे लहान गोळ्यांना गिळतात, जसे आमटीवरचे तेलाचे डोळे एकमेकांत मिसळून थोडेच उरतात. मोठा गोळा उरतो तिथे अदलाबदल, शेजारी नाही. सगळ्याच जीवांत हे घडत नाही. काही यीस्टमध्ये व्यतिकरण नाही, तिथे हाल्डेन बरोबर. एका सूक्ष्म गोलकृमीत गुणसूत्राच्या जोडीमागे साधारण एकच अदलाबदल होते, तिथे साधी बेरीज पुरते. कोसंबींचं सूत्र या दोन टोकांच्या मधल्या जीवांना शोभतं, आणि शेतातली बरीचशी पिकं त्या मधल्या गर्दीत आहेत.

याचा अर्थ सूत्र लावलं की उत्तर पवित्र झालं असा नाही. २०० रोपांत ४० मोजली तेव्हा २० टक्क्यांमागची प्रमाण त्रुटी (मोजकीच रोपं पाहिल्याने आकडा साधारण जितका इकडेतिकडे होऊ शकतो ते माप) २.८ टक्के आहे, आणि अंतरात ती ३.४ सेंटिमॉर्गन होते. म्हणजे २१.२ लिहिताना दशांशाचा तोरा मिरवण्यात अर्थ नाही. ६० रोपांवर तर हाल्डेन की कोसंबी हा वादच पोकळ. भाताचा सगळा नकाशा साधारण १५०० सेंटिमॉर्गन आणि डीएनए ३९ कोटी अक्षरांच्या आसपास, म्हणजे सरासरी एका सेंटिमॉर्गनला अडीच लाखांहून थोडी जास्त अक्षरं. पण गुणसूत्राच्या आवळलेल्या भागापाशी (सेंट्रोमिअर) अदलाबदली तुरळक असल्याने तिथे एकाच सेंटिमॉर्गनमध्ये याच्या कितीतरी पट अक्षरं दडलेली असतात.

एवढी काळजी एका भाताच्या तीन खुणांसाठी. आणि इकडे थुंकीचा नमुना पाठवा, मुलाचं करिअर आणि जोडीदार जनुकांवरून सांगतो, अशा जाहिराती फिरतात. ती जुनीच पत्रिका आहे, भटजींच्या जागी प्रयोगशाळेचा कोट घातलेली.

कोसंबींनाही संख्याशास्त्राचा मोह भोवला. रीमान गृहीतकाची (अविभाज्य संख्यांशी जोडलेला, गणितातला न सुटलेला प्रश्न) सिद्धता संभाव्यतेच्या वाटेने मिळते असा दावा त्यांनी एका शेतीसंख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. गणितज्ञांनी तो मानला नाही, प्रतिष्ठेला धक्का बसला, आणि १९६२मध्ये मुंबईच्या संस्थेतला त्यांचा करार वाढवला गेला नाही. २९ जून १९६६ला पुण्यात ते वारले. ज्या निबंधाचं त्यांना फारसं कौतुक नसावं, तो चार पानी निबंध मात्र चालत राहिला.

वापरणाऱ्यांच्या दोन नेहमीच्या चुका सांगायला हव्यात. पहिली: पिढ्यान्‌पिढ्या स्वपरागण करून तयार केलेल्या शुद्ध वाणांत अदलाबदलीला अनेक पिढ्या संधी मिळालेली असते, म्हणून मोजलेली टक्केवारी फुगलेली असते. ती थेट सूत्रात घालायची नसते. मोजलेला आकडा 'म' असेल तर आधी र = म ÷ (२ − २म) काढायचं. म ०.२८६ असेल तर र ०.२० निघतो. हे विसरलं तर २१चं अंतर ३२ होतं. दुसरी: दाट खुणांच्या नकाशात एका खुणेचं चुकीचं वाचन म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक खोटी अदलाबदल. अशा दहा-वीस चुका नकाशा कित्येक सेंटिमॉर्गनने लांबवतात आणि कोसंबींचं सूत्र त्या दुरुस्त करत नाही. जवळजवळच्या तीन खुणांत मधलीच वेगळी दिसली, तर सूत्राकडे जाण्याआधी त्या रोपाचं पान पुन्हा काढून डीएनए नव्याने तपासावा.