प्रागमध्ये युरो का नाही?

भाची नुकतीच नागपूरहून प्रागला शिकायला गेली. इथल्या सदर भागातून युरो घेऊन गेली होती. पहिल्याच आठवड्यात फोन आला, "मामा, दुकानदारानं युरो घेतले, पण चिल्लर दिली कोरुना या इथल्या चलनात, अन् भावही त्यानंच लावला. चेक प्रजासत्ताक तर युरोपीय संघात आहे ना?"

आहे, 2004 पासून. पण संघात असणं वेगळं आणि संघाच्या प्रत्येक व्यवस्थेत असणं वेगळं. 27 सदस्यांपैकी युरो वापरतात 21. अभ्यासक याला 'विभेदित एकीकरण' म्हणतात. 2004 पासून आलेले 13 देश या असमान रचनेत कसे वागतात, हा मला राज्यशास्त्रातला सगळ्यात सुंदर प्रश्न वाटतो.

डेन्मार्कला युरोतून लेखी सूट आहे. नव्या देशांना ती नाही. 'पात्र झालो की युरो घेऊ' असं मान्य करूनच ते आत आले. पात्रतेच्या अटी अशा: महागाई आणि व्याजदर आटोक्यात, सरकारी तूट जीडीपीच्या 3 टक्क्यांच्या आत, कर्ज साधारण 60 टक्क्यांच्या आत. शिवाय आपलं चलन किमान दोन वर्षं युरोशी ठरलेल्या दराजवळ ठेवणाऱ्या विनिमय यंत्रणेत राहायचं. गंमत इथेच आहे. या यंत्रणेत शिरायचं तर देशानं स्वतः विनंती करावी लागते आणि त्याला मुदत नाही. विनंतीच केली नाही, तर पात्रता येत नाही आणि वचनही मोडत नाही! संघाचा जुना सदस्य असलेल्या स्वीडननं हीच वाट धरली. पोलंड आणि चेकही तिथेच उभे आहेत.

मग बल्गेरियानं 1 जानेवारी 2026 ला युरो का घेतला? 1996-97 मध्ये तिथल्या बँका कोसळल्या, महागाई भडकली. 1997 पासून लेव्ह हे चलन जर्मन मार्कला आणि पुढे युरोला जखडलं गेलं: एका युरोला 1.95583 लेव्ह. परकीय गंगाजळी असेल तेवढेच लेव्ह काढायचे. म्हणजे व्याजदराची दिशा ठरायची फ्रँकफर्टला, युरोपीय मध्यवर्ती बँकेत, आणि त्या टेबलावर बल्गेरियाचा माणूस नाही. युरो घेतल्यावर त्यांच्या गव्हर्नरला तिथे खुर्ची मिळाली. गमावण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. पोलंडचं तसं नाही. 2008-09 च्या मंदीत झ्लॉटी हे त्यांचं चलन घसरलं, पोलिश माल बाहेर स्वस्त झाला, आणि 2009 मध्ये संघात फक्त पोलंडची अर्थव्यवस्था वाढली. हे हत्यार कोण सोडेल?

(याच बल्गेरियातल्या बाबा वेंगाची 'युरोप संपणार' छाप भाकितं दर डिसेंबरात आपल्या व्हॉट्सॲपवर फिरतात. ती पुढे पाठवण्याऐवजी हा विनिमयदर वाचावा.)

काही वेळा बाहेर राहणं लादलेलंही असतं. रुमानिया आणि बल्गेरिया 2007 ला सदस्य झाले, पण दोघांना जोडणाऱ्या, डॅन्यूबवरच्या रुसे–जुर्जू पुलावरची सीमातपासणी उठायला 1 जानेवारी 2025 उजाडलं. 2022 मध्ये ऑस्ट्रियानं शेंगेनमध्ये, म्हणजे सीमातपासणी नसलेल्या क्षेत्रात, त्यांना घेण्याविरुद्ध नकाराधिकार वापरला होता.

म्हणून 2017 मध्ये जर्मनी, फ्रान्स, इटली, स्पेन 'वेगवेगळ्या वेगाचा युरोप' म्हणू लागले, तेव्हा पूर्वेकडच्या अनेकांच्या कानांना ते 'दुय्यम दर्जा' असं ऐकू आलं. ज्या शहराला विदर्भाला न्याय्य वाट्याचं वचन देणारा 1953 चा नागपूर करार आणि दर हिवाळ्यातलं अधिवेशन माहीत आहे, त्याला ही धास्ती समजावी. पोलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान बेआता शिद्वो यांनी संघाच्या पुढच्या वाटचालीबद्दलच्या रोम जाहीरनाम्यावर सही न करण्याचा इशारा दिला. 25 मार्चला रोममध्ये सह्या झाल्या, त्यांच्याही. जाहीरनाम्यात वेगवेगळा वेग राहिला, पण सोबत 'एकाच दिशेनं' आलं, आणि नंतर येऊ इच्छिणाऱ्यांसाठी दार उघडं ठेवण्याची ओळही.